शॉर्टस्टॉप कुठे उभी राहते?

माझी भाची बारा वर्षांची आहे. शाळेच्या चौदा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात ती गेल्या वर्षापासून खेळते. दिवाळीनंतर एका रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, सर म्हणतात आता तू फक्त कॅचर. बाकी कुठे उभं राहायचंच नाही. मला शॉर्टस्टॉप आवडतं. तू आईशी बोल ना."

दहाच मिनिटांत ताईचा फोन. तिचं म्हणणं नेमकं उलटं. जिल्ह्यात शॉर्टस्टॉप व्हायला पन्नास मुली तयार आहेत, कॅचर व्हायला कुणी मागत नाही, म्हणजे निवड लवकर होईल. राज्य पातळीवर खेळली तर दहावीला सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. "तू तिच्या डोक्यात काही भलतं भरू नकोस," असं सांगून तिने फोन ठेवला.

भलतं भरण्याइतकीही माहिती माझ्याकडे नव्हती. मी क्रिकेट बघणारा माणूस. सॉफ्टबॉल म्हणजे शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात चाललेला, नियम न कळणारा खेळ, एवढीच माझी ओळख. पण प्रश्न डोक्यात राहिला. लहान खेळाडूने फिल्डिंगची एकच जागा धरावी का? ऑफिसातून परतताना मेट्रोमध्ये वाचत गेलो, आणि वाटलं होतं त्यापेक्षा फार जुन्या गोष्टींपर्यंत पोचलो. या प्रश्नावर अमेरिकेत एकदा जवळजवळ प्रयोगच झालाय. तो करायचा म्हणून कुणी केला नव्हता, पण बारा वर्षं चालला आणि त्यातल्या मुलींची नावं आणि आकडे आजही मिळतात.

त्याआधी मैदान समजून घेऊ. सॉफ्टबॉलमध्ये, बेसबॉलसारख्याच, नऊ जागा असतात आणि स्कोअरशीटवर प्रत्येकीला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागच्या रांगेत लेफ्ट फिल्ड ७, सेंटर ८, राइट ९. हा आकडा जर्सीवरच्या नंबरसारखा खेळाडूला चिकटत नाही, तो जागेचा असतो. चेंडू शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाली, तर स्कोअरर लिहितो ६-३. बास. पूर्ण प्रसंग दोन आकड्यांत.

आता यातली गंमत. शॉर्टस्टॉप उभी राहते सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, पण आकड्यांच्या ओळीत ती तिन्ही बेसवाल्यांच्या नंतर येते. मुळात तिचा बेसशी संबंधच नव्हता. ही जागा न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबमधल्या डॅनियल ॲडम्स नावाच्या डॉक्टरने १८४९-५०च्या सुमारास तयार केली असं मानतात. तेव्हाचा बेसबॉल इतका हलका असे की लांबून फेकला तर पोचायचाच नाही. मागच्या फिल्डरने चेंडू उचलायचा, मध्ये उभ्या असलेल्या ॲडम्सकडे द्यायचा, आणि त्याने तो पुढे पिचरकडे पोचवायचा. म्हणजे आज ज्या जागेसाठी मुली भांडतात ती निरोप्याची जागा होती. पुढे चेंडू कडक झाला, दूरवर फेकता येऊ लागला, तेव्हा निरोप्याची गरज संपली आणि ॲडम्स पुढे सरकून बेसच्या रांगेत आला.

दुसरं टोक राइट फिल्डचं. आज शाळेच्या संघात सगळ्यात कच्ची मुलगी तिथे उभी करतात, कारण तिकडे चेंडू कमी जातात. पण १८९१ पूर्वी बेसबॉलमध्ये खेळाडू मनाला येईल तेव्हा बदलता येत नसत. पिचर दमला तर बाकावरून नवा आणायची सोय नाही. त्यामुळे राखीव पिचर मैदानावरच ठेवावा लागे, आणि तो बहुतेकदा राइट फिल्डला उभा असे. वेळ आली की दोघे जागा बदलत. म्हणजे ज्या कोपऱ्यात आपण आज नापास मुलाला बसवतो, तिथे एकेकाळी संघातला दुसऱ्या नंबरचा हात उभा असायचा. नियम बदलला आणि त्या कोपऱ्याची पत गेली.

सॉफ्टबॉल तर जन्मलाच खोलीत. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण एका फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमले होते. कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने काठीने टोलवला, आणि जॉर्ज हँकॉक नावाच्या माणसाने त्यातून 'इनडोअर बेसबॉल' काढला. चेंडू मोठा, मऊ, मैदान जिमखान्याएवढं. भिंती जवळ असल्यावर मागची रांग कशाला? पुढे खेळ बाहेर आला, गावोगावी वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या मापाच्या चेंडूंनी खेळला गेला, आणि 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ साली डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकन्सनने सुचवलं. पूर्वी मैदानावर दहावी फिल्डरही असायची, शॉर्ट फिल्डर, जी इनफिल्ड आणि आउटफिल्डच्या मध्ये फिरती असायची. पुढे फास्ट पिच प्रकारातून ती जागाच काढून टाकली. कुणी आयुष्यभर फक्त शॉर्ट फिल्डर म्हणून तयार झालं असेल, तर एका सकाळी नियमांच्या पुस्तकात तिची नोकरी गेली.

आता तो प्रयोग.

१९४३. युद्ध चालू. बेसबॉलमधले पुरुष खेळाडू सैन्यात जात होते. शिकागो कब्ज संघाचा मालक, च्युइंगगमवाला फिलिप रिग्ली याला मैदानं ओस पडण्याची काळजी. त्याने मुलींची व्यावसायिक लीग काढली, जी पुढे ऑल-अमेरिकन गर्ल्स प्रोफेशनल बेसबॉल लीग म्हणून ओळखली गेली. १९९२चा 'अ लीग ऑफ देअर ओन' हा सिनेमा पाहिला असेल तर तीच ही. सिनेमात स्कर्ट आणि शिष्टाचाराचे वर्ग बरेच आहेत. चेंडूबद्दल फारसं नाही, आणि खरी गोष्ट चेंडूचीच आहे.

लीग सुरू झाली तेव्हा खेळ बेसबॉल नव्हता. देशभरातून निवडलेल्या मुली सॉफ्टबॉल खेळणाऱ्या होत्या. चेंडू १२ इंच घेराचा, म्हणजे सॉफ्टबॉलचाच. पिचिंग अंडरआर्म. पिचर ते होम प्लेट ४० फूट, दोन बेसमधलं अंतर ६५ फूट. मात्र फिल्डर दहाऐवजी नऊ आणि बेस चोरायला परवानगी. पण पुढच्या बारा वर्षांत लीगने हळूहळू या सॉफ्टबॉलचा बेसबॉल केला. चेंडू टप्प्याटप्प्याने लहान होत गेला. १९४६ला साइडआर्म पिचिंगला मुभा मिळाली, १९४८ला पूर्ण ओव्हरआर्म आलं आणि पिचिंगचं अंतर ५० फूट झालं. १९५४च्या शेवटच्या हंगामात चेंडू ९ इंचांच्या आसपास, पिचिंग ६० फुटांवरून, बेस ८५ फुटांवर. त्याच मुली, त्याच जर्सी, पण पायाखालचं मैदान अधूनमधून थोडं ताणलं जातंय. लहानपणी धरलेली एकच जागा पुरते का, हे तपासायला याहून चांगली सोय कोण करून देणार?

तिघींची गोष्ट सांगतो.

कॉनी विस्न्येव्स्की अंडरआर्म पिचर होती. साधीसुधी नाही. १९४५ साली तिने एका हंगामात ३२ सामने जिंकले आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिचं टोपणनाव होतं 'पोलिश रायफल'. तीन वर्षांनी ओव्हरआर्मचा नियम आला आणि रायफल निकामी झाली. तिचा हात त्या हालचालीसाठी घडलेलाच नव्हता. अशा वेळी माणूस घरी जातो. लीगमधल्या बऱ्याच अंडरआर्म पिचरांची कारकीर्द तिथेच आटोपली. काही शिकागोमधल्या दुसऱ्या लीगकडे वळल्या, जिथे अंडरआर्म चालू होतं. विस्न्येव्स्की मात्र आउटफिल्डला गेली. तिला बॅटिंग येत होती, उंच उडालेल्या चेंडूखाली पळता येत होतं, आणि ती लीगमधल्या चांगल्या बॅटरांपैकी एक झाली.

जीन फाउटचं उलटं. ती पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावची. गावात मुलींचा संघ नव्हता, म्हणून स्थानिक पुरुषांच्या संघाबरोबर सराव करायची, त्यांच्यासारखा ओव्हरआर्म चेंडू फेकायची. १९४६ला ती साउथ बेंड ब्लू सॉक्समध्ये आली ती थर्ड बेसवर. अंडरआर्मच्या लीगमध्ये तिच्या त्या फेकीचा उपयोग थर्डवरून फर्स्टला चेंडू पोचवण्यापुरता होता. नियम सैल होत गेला तशी ती पिचर झाली, आणि मग थांबली नाही. १९५१ आणि १९५३ असे दोनदा तिने परफेक्ट गेम टाकले. परफेक्ट गेम म्हणजे संपूर्ण सामन्यात समोरच्या संघातली एकही खेळाडू पहिल्या बेसवरसुद्धा पोचत नाही. त्याच दोन्ही वर्षी ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिला कुणी बाराव्या वर्षी "तू फक्त थर्ड बेस, पिचिंगच्या भानगडीत पडू नकोस" म्हटलं असतं तर? किंवा तिच्या गावात मुलींचा संघ असता आणि तिथे तिला अंडरआर्मच शिकवलं असतं तर? मला हा दुसरा प्रश्न जास्त अस्वस्थ करतो. चांगली सोय नसल्याने ती वाचली, असं म्हणायची वेळ येते.

इथपर्यंत वाचून मी भाचीच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो होतो. मग तिसरी भेटली.

डॉटी श्रोडर इलिनॉयमधल्या एका खेडेगावातली. १९४३ला लीगमध्ये आली तेव्हा पंधरा वर्षांची. पहिल्या दिवसापासून शॉर्टस्टॉप. लीगचे बाराही हंगाम खेळलेली ती एकमेव खेळाडू. पिचरा आउटफिल्डला गेल्या, थर्ड बेसवाल्या पिचर झाल्या, संघ बंद पडले, आणि ही शॉर्टस्टॉपला. बॅटिंग बेताचीच, कारकिर्दीची सरासरी .२११. म्हणजे तिला संघात ठेवलं ते फिल्डिंगसाठी. ताईला हवा होता तसा हा पुरावा: कोवळ्या वयात एक जागा धरली आणि त्या जागेने तिला बारा वर्षं सांभाळलं.

मी ते मान्य करतो. सरावाला पर्याय नाही हेही मान्य. आपल्याकडे एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल. बॅटपासून हाताच्या अंतरावर रोज नवा माणूस उभा करून हे होत नाही. (अर्थात सोलकर डावखुरी बॅटिंग करायचा, मध्यमगती टाकायचा, स्पिनही टाकायचा. पण ते जाऊ दे.)

तरी श्रोडरच्या बाबतीत मी वहीवर एक आकृती काढली. इंजिनिअरिंगमधून एवढी एक खोड शिल्लक राहिलीय. बेसचं अंतर ६५ फूट असताना होम प्लेटपासून सेकंड बेस सुमारे ९२ फुटांवर असतो. ८५ फूट झाल्यावर तो १२० फुटांवर जातो. शॉर्टस्टॉपची फर्स्ट बेसकडची फेक त्याच प्रमाणात, जवळपास ३० टक्क्यांनी, लांबते. चेंडू मोठा आणि मऊ होता तो लहान आणि कडक झाला, म्हणजे बॅटवरून येतानाचा वेगही बदलला. बेस चोरणाऱ्या धावपटूला लागणारा वेळ बदलला. स्कोअरशीटवर श्रोडरचा आकडा बाराही वर्षं ६ होता. पण १९४३चा ६ आणि १९५४चा ६ मैदानावर वेगळ्या ठिकाणी होते. तिने एक जागा धरून ठेवली नाही. जागा सरकली तशी तीही सरकत गेली. ते तिला जमलं ते चेंडू, धावपटू आणि आजूबाजूच्या फिल्डर यांच्यातली अंतरं तिला वाचता येत होती म्हणून.

आणि सॉफ्टबॉलमध्ये ही अंतरं फारच तोकडी असतात. बेस ६० फुटांवर. चपळ मुलगी होमपासून फर्स्टला तीन सेकंदांच्या आत-बाहेर पोचते. त्यामुळे बॅटरने बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकला, की तो उचलायला थर्ड आणि फर्स्ट बेसवाल्या दोघी पुढे धावतात. मग फर्स्ट बेसवर कुणीच नाही. तिथे सेकंड बेसवाली धावते. पुढची धावपटू जिकडे निघाली असेल तिकडे, थर्डकडे किंवा सेकंडकडे, शॉर्टस्टॉप जाते. फेक चुकली तर चेंडू वाहून जाऊ नये म्हणून राइट फिल्डर फर्स्टच्या मागे पळत येते. दोन-तीन सेकंदांत निम्म्याहून जास्त संघ दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर उभा असतो. कॅचरच्या समोर हे सगळं मैदान असतं. कुठे फेकायचं ते तिने ओरडून सांगायचं. फर्स्टकडे पळणारी सेकंड बेसवाली कितव्या पावलाला वळून हात पुढे करेल, हे जी स्वतः कधी तिथून धावली नाही ती कॅचर कसं सांगणार?

याचं एक सुंदर उदाहरण टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात आहे, २७ जुलै २०२१. जपान अमेरिकेविरुद्ध २-० पुढे, सहावी इनिंग, अमेरिकेच्या धावपटू बेसवर. अमांडा चिडेस्टरने चेंडू थर्ड बेसकडे जीव खाऊन मारला. जपानची थर्ड बेसवाली यामामोतो पुढे उभी होती, सॉफ्टबॉलमध्ये असते तशी. चेंडू तिच्या हातावर आपटून उडाला. मागे शॉर्टस्टॉप आत्सुमीने तो जमिनीला लागायच्या आत झेलला आणि लगेच सेकंड बेसला फेकला. तिथली धावपटू परत फिरायच्या आत बाद. दोन बळी, इनिंग संपली, जपानला सुवर्ण. व्हिडिओ शोधून बघा. आत्सुमी नशीबवान होती हे खरंच. पण दुसरीच्या हातावरून उडालेला चेंडू आपलाच समजून ती आधीच हलली होती, आणि झेलल्यावर कुठे फेकायचं हे तिला विचार करून ठरवावं लागलं नाही.

माझं मत यातून असं बनलं: पंधरा-सोळापर्यंत जागा फिरवत राहावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली एकच खेळ धरण्याबद्दल साधारण हेच वय सांगितलंय. तो सल्ला खेळाबद्दल आहे, खेळातल्या जागेबद्दल नाही, पण बारा वर्षांच्या शरीराला अजून काय काय व्हायचंय हा मुद्दा दोन्हीकडे तोच. पिचर आणि कॅचर ही कामं लवकर शिकायला लागतात यात वाद नाही. शिकावीत. त्यांच्यासोबत बाकीच्या जागा बंद करू नयेत, एवढंच.

हे सगळं घेऊन मी ताईच्या परवानगीने सरांना फोन केला. मनात भाषण तयार होतं, विस्न्येव्स्कीपासून सुरुवात करणार होतो. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे हो तुमचं. पण कॅचरचं सामान शाळेकडे एकच आहे. हेल्मेट, छातीचं गार्ड, पायाचे गार्ड. ते तुमच्या भाचीलाच नीट बसतं. दुसरीला घातलं तर डोळ्यांवर येतं. उद्या लागलं तर पालकांना काय सांगू?" शिवाय मैदान संध्याकाळी एकच तास मिळतं, त्यातही अर्ध्यावर क्रिकेटवाले. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या, पहिला सामना हरलं की वर्ष संपलं. मी बारा वर्षांच्या लीगचा इतिहास वाचून आलो होतो. त्या माणसापुढे बारा मुली आणि एक हेल्मेट होतं.

मग आम्ही दोघांनी काढलेला तोडगा असा. स्पर्धेत ती कॅचर. शनिवारी संघ आपसात दोन गट पाडून खेळतो तेव्हा ती दर आठवड्याला वेगळ्या जागेवर, आणि कॅचरला दुसरी मुलगी. त्यासाठी लहान मापाचं हेल्मेट आणि गार्ड मी घेऊन द्यायचे. ताईला ते पटलं असं नाही. "तुझे पैसे, तुझी हौस," एवढंच म्हणाली. ती चुकीची आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. सवलतीचे गुण खरे आहेत, आरक्षण खरं आहे, आणि श्रोडरही खरी आहे.

पहिल्या शनिवारी भाचीला शॉर्टस्टॉप मिळालं नाही. चिठ्ठ्या टाकल्या, तिची राइट फिल्डची निघाली. दुपारपर्यंत मेसेज नाही, म्हणजे रुसलीय असं मी धरून चाललो. चारच्या सुमारास स्कोअरशीटचा फोटो आला, पेन्सिलीने भरलेला, एका चौकटीभोवती लाल पेनने तीनदा गोल केलेला. आत लिहिलं होतं ९-३. राइट फिल्डरने थेट फर्स्ट बेसला फेकून बॅटरला बाद केलं होतं. ९० फुटांच्या बेसबॉलमध्ये क्वचित दिसणारी गोष्ट. ६० फुटांवर जमते, राइट फिल्डर पुढे पळत येत असेल तर.

खाली ताईचा मेसेज होता. "जेवायलासुद्धा येत नाहीये. भिंतीवर चेंडू फेकत बसलीये. सोमवारी परत कॅचर हां."